कृतज्ञतेची वही: ‘का?’चा रकाना नसेल तर पैसे वाया

गुळगुळीत पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची, आत रेशमी फीत असलेली ‘कृतज्ञता डायरी’ आता स्टेशनरीच्या दुकानातही मिळते आणि ऑनलाइनही. तेच काम करणारी ढीगभर ॲप आहेत, आणि व्हॉट्सॲपवर ‘२१ दिवसांचं कृतज्ञता चॅलेंज’ अधूनमधून फिरतंच. तिन्हींच्या मुळाशी व्यायाम एकच आहे: दिवसभरात बऱ्या घडलेल्या तीन गोष्टी रोज लिहायच्या. हे परीक्षण त्या व्यायामाचं आणि त्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या सामानाचं. निकाल आधीच सांगून टाकतो: व्यायामाला दहापैकी सात, साध्या एकरेघी वहीला नऊ, ॲपला पाच, छापील डायरीला चार. चॅलेंजच्या ग्रुपला गुण देण्यापेक्षा तो म्यूट केलेला बरा.

सर्वांत देखण्या वस्तूला एवढे कमी गुण, कारण तिच्यात अर्धा व्यायाम छापलेलाच नसतो.

मूळ कृती बघा. मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या एका गटाला सूचना होती की आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी नीट पार पडलेल्या तीन गोष्टी लिहा, आणि प्रत्येकीपुढे ती का घडली तेही लिहा. बाजारात आली ती यातली पहिली निम्मी सूचना. ‘आज मी आभारी आहे…’ आणि पुढे १, २, ३ अशा तीन ओळी. ‘का’ला जागाच नाही. नुसती यादी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आटते, कारण माणसाच्या आयुष्यात आरोग्य, घर, नोकरी, मुलं हे धरून ठोकळ गोष्टी असतात दहा-बारा. कारणं मात्र रोज वेगळी निघतात. शिवाय कारण शोधायचं तर मनाला त्या प्रसंगात परत जावं लागतं, कोण कुठे उभं होतं, कोणी काय केलं हे आठवावं लागतं. खरी मेहनत ती आहे आणि फायदाही बहुधा तिथूनच येतो.

साहित्य म्हणाल तर एक दोनशे पानी एकरेघी लाँगबुक आणि एक बॉलपेन. जेल पेन नको, शाळेच्या वहीचा कागद पातळ असतो आणि शाई मागे उमटते. वही उघडली की दोन पानं समोर येतात. डावं पान ‘काय’चं, उजवं ‘का’चं. तारीख समासात. डावीकडे एक-दोन ओळी पुरतात, उजवीकडे तीन ते चार ओळी झाल्या पाहिजेत. एक गोष्ट लिहिली की तिचं कारण लगेच लिहायचं, मगच दुसरीकडे जायचं. आधी तिन्ही ‘काय’ लिहून घेतले की काम झाल्यासारखं वाटतं, उजवं पान कोरं राहतं आणि दिवा बंद होतो. हा घोटाळा इतका ठरलेला आहे की वहीच्या पहिल्या पानावर ही सूचना लिहून ठेवावी.

वेळ दहा मिनिटं. जागा अंथरूण सोडून कुठलीही. मागचं आवरून झाल्यावर, दात घासायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर किंवा ओट्याशी उभं राहून लिहिलं तरी चालतं. पडल्यापडल्या लिहू म्हटलं की अक्षर तिरकं जातं आणि दुसऱ्या गोष्टीला डोळा लागतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. एखादी तारीख बघायची म्हणून उचललेला फोन वीस मिनिटं हातातच राहतो.

आता एक नोंद जवळून बघू. डावीकडे लिहिलंय, ‘आईच्या गुडघ्याचा एक्स-रे आज एकदाचा झाला.’ उजवीकडे नवशिका हमखास लिहितो, ‘देवाची कृपा.’ भावना खोटी नाही, पण पेन तिथेच थांबतं. अशा वेळी तीन प्रश्न विचारायचे. यात कोणी काय केलं? मी काय केलं? आणि कुठली एक गोष्ट नसती तर हे झालंच नसतं? मग पान असं भरतं: ‘शेजारच्या काकूंनी सकाळी सातलाच जाऊन नंबर लावून ठेवला. रिक्षावाल्यानं रिक्षा पार पायरीला लावली, आईला चालावं लागलं नाही. अर्धी रजा टाकायचं मी सोमवारीच ठरवलं होतं, नाहीतर पुढच्या आठवड्यावर गेलं असतं.’ चार ओळीत तीन माणसं आली आणि त्यातलं एक लिहिणारं स्वतः आहे.

स्वतःचं नाव लिहायला आपल्याकडे संकोच होतो, बढाई वाटते. तरी ते लिहायचं. दिवस आपल्या हातात थोडासुद्धा होता हे कागदावर दिसणं हा व्यायामाचाच भाग आहे. जे सगळं श्रेय दुसऱ्यांना आणि सगळा दोष स्वतःला देतात, त्यांनी तर रोज तिन्हींपैकी एका नोंदीत ‘मी’ येईल असा नियमच करावा.

तिसरा प्रश्नही उगाच नाही. मिंक्युंग कू, सारा अल्गो, टिमथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या २००८ सालच्या प्रयोगांत एखादी चांगली घटना ‘घडलीच नसती तर’ अशी कल्पना करणाऱ्यांना ती घटना नुसती आठवणाऱ्यांपेक्षा जास्त बरं वाटलं. अंगवळणी पडलेली गोष्ट क्षणभर हिशेबातून वजा केली की तिची किंमत परत दिसते. पान अडलं की हा प्रश्न काढायचा. रोज वापरला तर मात्र तोही बोथट होतो.

गोष्ट मोठी असायला हवी असं मुळीच नाही. ‘चहा झक्क झाला’ ही उत्तम नोंद आहे, उजवीकडे ‘गच्चीतल्या कुंडीतला गवती चहा, आणि आज दूध लावून दुसऱ्या खोलीत गेले नाही’ असं असेल तर.

बिघडतं कुठे?

सगळ्यात आधी बिघडतं ते तोचतोचपणामुळे. ‘चांगलं आरोग्य, प्रेमळ कुटुंब, डोक्यावर छप्पर’ हे तीन शब्दसमूह सलग तीन दिवस आले की व्यायाम संपलाय, फक्त हात चालतोय. उपाय एका नियमाचा: घड्याळातली वेळ सांगता येत नाही अशी गोष्ट लिहायची नाही. ‘कुटुंब’ला वेळ नसते. ‘संध्याकाळी साडेसातला लेकीनं न सांगता गॅलरीतले कपडे आत आणले’ याला असते.

मग उत्साही लोक आकडा वाढवतात. तीनानं बरं वाटतं तर दहानं किती वाटेल! वाटत नाही. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांचा १९९१ सालचा गाजलेला प्रयोग आहे. लोकांना आपण ठामपणे वागल्याचे प्रसंग आठवायला सांगितले, काहींना सहा, काहींना बारा. बारा आठवणाऱ्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं, कारण शेवटचे चार-पाच आठवताना दमछाक झाली आणि मनानं निष्कर्ष काढला की आपल्याकडे ते फारसं नसावंच. चांगल्या गोष्टींच्या यादीतही हाच सापळा आहे. सातव्या ओळीला पेन चावत बसलेल्या माणसाला आपला दिवस रिकामाच वाटणार.

तुलनेची खोड जरा लपून येते. ‘निदान आपल्या घरी तसं नाही’, ‘त्यांच्यापेक्षा आपलं बरं’. लिहिताना हायसं वाटतं, पण ती दुसऱ्याच्या दुःखावर उभी केलेली नोंद असते, आणि उद्या शेजाऱ्याकडे नवी गाडी आली की तीच फूटपट्टी उलटी फिरते. डाव्या पानावर ‘पेक्षा’ हा शब्द दिसला की ती ओळ खोडायची.

आणि आता खास आपल्याकडची अडचण. ती छापील डायऱ्यांच्या खिजगणतीतही नाही. मराठी घरात आईला, वहिनीला, मोठ्या भावाला ‘आभारी आहे’ असं कोणी म्हणत नाही. म्हटलं तर ‘परकी समजतोस का?’ असं ऐकावं लागेल. आभार असतात ते सभेच्या शेवटी, अध्यक्ष, मंडपवाले आणि ध्वनिक्षेपकवाले यांचे. जवळच्या माणसांच्या बाबतीत आपल्याकडे शब्द येतो तो ‘उपकार’, आणि उपकार आले की पाठोपाठ ‘फेड’ येते. त्यामुळे ‘आज मी आभारी आहे…’ या इंग्रजीवरून उतरवलेल्या वाक्यापुढे मराठी माणूस एकतर कोरडं काहीतरी लिहितो, नाहीतर ऋणाच्या ओझ्यानं वाकतो. हा नुसता तर्क नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतीय आणि अमेरिकन सहभागींकडून कृतज्ञतेची पत्रं लिहून घेतली होती. भारतीयांमध्ये चांगल्या भावनांसोबत दुःख आणि अपराधीपणाही वाढलेला आढळला.

उपाय भाषेतच आहे. ‘आभारी आहे’च्या जागी ‘बरं झालं’ लिहा. ‘बरं झालं, दादानं आठवणीनं वीजबिल भरलं.’ हे वाक्य कोणीही रोज सहज बोलतो, त्यात नाटक नाही आणि ओझंही नाही. तरी एखाद्या नोंदीनं मन खाल्लं, म्हणजे ‘त्यांनी एवढं केलं आणि आपण साधी चौकशीही केली नाही’ असं वाटलं, तर उजव्या पानाच्या तळाशी एक छोटं काम लिहायचं, उद्या फोन करणं एवढंसुद्धा, आणि ते झालं की बरोबरची खूण करायची. अपराधीपणाला करण्यासारखं काही मिळालं की तो सहसा फार चिघळत नाही.

वाईट दिवसाचं काय? तीनचा आकडा हा कायदा नाही. एक सापडली तर एक लिहा. घरात मृत्यू झालाय, कोणी आयसीयूत आहे, अशा दिवसात वही मिटून ठेवावी. ‘यातूनही काही चांगलंच निघेल’ असं स्वतःकडून लिहून घेणं म्हणजे जखमेवर रंगीत कागद चिकटवणं. आणि जिथे माणूस मारतो, पैसे काढून घेतो, सतत पाणउतारा करतो, तिथे त्या माणसाबद्दल कृतज्ञता शोधायला लावणारा कुठलाही सल्ला, मग तो वहीत छापलेला असो नाहीतर शिबिरात दिलेला, सरळ धुडकावावा.

आता सामानाकडे. छापील डायऱ्यांची किंमत साधारण तीनशे रुपयांपासून हजाराच्या पुढे जाते. कागद जाड, बांधणी शिवलेली, हातात धरायला छान, यात वाद नाही. पण पानाचा मांडणी-आराखडा बघा. वर एक सुविचार, मग सकाळच्या तीन ओळी, मग ‘आजचा संकल्प’, पाणी प्यायल्याचे आठ पेले रंगवायला, मूड दाखवणारे पाच चेहरे, तळाशी रात्रीच्या दोन ओळी. एका नोंदीला जेमतेम एक ओळ येते, म्हणजे मराठीत पाच-सहा शब्द. वरच्या एक्स-रेच्या नोंदीचं फक्त पहिलं वाक्य तिथे मावेल. सकाळी लिहायला लावण्यातही गोची आहे. सकाळी सहाला आजचं काहीच घडलेलं नसतं, त्यामुळे कालचं शिळं नाहीतर ‘आरोग्य, कुटुंब’ हेच उतरतं. तारखा छापलेली डायरी तर घेऊच नका. चार दिवस चुकले की ती चार कोरी पानं रोज टोचत राहतात. भेट आलीच असेल तर सुविचाराच्या जागेत ‘का?’ लिहावं आणि पेल्यांवरून खुशाल लिहीत सुटावं.

ॲपची जमेची बाजू म्हणजे ते खिशात असतं, शोधता येतं आणि बोलून लिहिता येतं. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवर मराठीतून बोलून टाइप करण्याची सोय आहे, ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा सांधेदुखी आहे त्यांना ती उपयोगी. घेण्याआधी चार गोष्टी तपासा: नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, पासवर्ड लावता येतो का, फुकटचे दिवस संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का, आणि एका नोंदीत हवं तेवढं लिहिता येतं का. आठवण करणारी सूचना साडेनऊच्या आसपास लावावी, अकराची सूचना झोपलेल्याला उठवण्यापुरतीच. सर्वांत घातक भाग म्हणजे सलग दिवस मोजणारा तो ज्वाळेचा आकडा. तो वाचवण्यासाठी लोक ११:५८ला ‘छान दिवस’ असं तीनदा टाइप करतात. बंद करता येत असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा.

व्हॉट्सॲप चॅलेंजबद्दल फार लिहायला नको. दुसऱ्यांनी वाचायचं म्हटलं की नोंद सजते. ‘दादानं वीजबिल भरलं’ लिहायची लाज वाटते आणि ‘या विश्वाची मी ऋणी आहे’ असं काहीतरी पुढे ढकललं जातं. खाली हात जोडलेल्यांची रांग.

ते २१ दिवस मात्र कुतूहलाचे आहेत. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या गटानं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा निघाला. कृतज्ञतेच्या संशोधनात २१ हा आकडा येतो खरा. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांच्या २००३ सालच्या तीन प्रयोगांपैकी तिसऱ्यात मज्जा-स्नायूंचे आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज नोंदी केल्या होत्या. पण त्यांच्याच पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून फक्त एकदा लिहिलं, दहा आठवडे.

मग गुण येतो का? येतो, बेताचा. सेलिगमन यांच्या प्रयोगात आठवडाभर लिहिणाऱ्यांचा आनंदाचा मोजांक लगेच नव्हे, महिन्यानंतर वर गेलेला दिसला आणि सहा महिन्यांपर्यंत टिकला. पण हे लोक वेबसाइटवर स्वतःहून आलेले, बरं वाटून घ्यायला उत्सुक असे होते. २०१२ साली हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा नुसत्या लहानपणच्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही आनंदात तसाच फायदा झाला. आणि २०२१ साली क्रेग आणि चीव्हन्स यांनी २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवरचा परिणाम लहानच भरला. म्हणून सात गुण. चालणं, झोप, माणसांत मिसळणं यांच्या जोडीला ठेवण्यासारखी ही गोष्ट आहे, औषधाच्या जागी नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर अशा मनाला रिकामं डावं पान हा स्वतःविरुद्धचा आणखी एक पुरावा वाटतो. तिथे डॉक्टर हवा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

स्वतःवर मोजायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ ही मापनपट्टी वापरा. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसात रस वाटेल असं काही होतं का, यांना शून्य ते पाच गुण द्यायचे, बेरजेला चारनं गुणायचं. शंभरपैकी आकडा येतो. दहा किंवा त्याहून जास्त अंकांचा फरक खरा धरतात. इथे एक चूक सर्रास होते: आठवडा संपल्याच्या रात्रीच लोक पट्टी भरतात. प्रश्न दोन आठवड्यांचे आहेत, म्हणजे त्यात व्यायामाआधीचा एक आठवडा मिसळला. एकदा सुरुवातीच्या आदल्या रात्री भरा, आणि नंतर व्यायाम संपून दोन आठवडे गेल्यावर. पहिलाच आकडा ५०च्या खाली आला तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

आठव्या दिवसाचं कोणीच सांगत नाही. रोजचा सपाटा तिथेच थांबवायचा आणि आठवड्यातून एका रात्रीवर यायचं. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रविवार रात्र सोयीची, सोमवारचा डबा काय हे ठरवून झाल्यावर. तेव्हा मागची दोन पानं फक्त चाळायची आणि उजवीकडे कुठलं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते बघायचं. दोनशे पानी वहीत दोन समोरासमोरच्या पानांच्या नव्याण्णव जोड्या बसतात. पहिल्या आठवड्याच्या सात, मग आठवड्याला एक, म्हणजे ही वही पावणेदोन वर्षं सहज पुरेल. दुसरी आत्ताच घेऊन ठेवू नका.